मुकादमाची उचल आणि सरकारची हमी

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगररांगेतील गावे रिकामी होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज आणि शेजारचा पाथर्डी या तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. त्यांत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्याची पोती, दोन-चार शेळ्या आणि लेकरेबाळे चढवली जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, थेट कर्नाटकापर्यंतच्या उसाच्या फडांकडे ही माणसे निघतात. गावात उरतात ते म्हातारे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढून चैत्राच्या सुमारास टोळ्या परततात. मराठवाड्याने हे दृश्य पिढ्यानपिढ्या इतके पाहिले आहे की, ते ऋतुचक्राचाच भाग वाटू लागले आहे. या अंगवळणी पडलेल्या गोष्टीतच ग्रामीण दारिद्र्याच्या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे.

हे स्थलांतर दुष्काळामुळे होते, असे सामान्यतः सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. पाऊस बरा झालेल्या वर्षीही ट्रक येतातच, कारण सौदा पाऊसमान कळण्याआधीच झालेला असतो. ज्येष्ठ-आषाढात घरात पैसा नसतो. बी-बियाणे घ्यायचे असते, शाळा सुरू झालेली असते, कुणाचे आजारपण निघते, उन्हाळ्यात उरकलेल्या लग्नाचे देणे डोक्यावर असते. अशा वेळी मुकादम दारात येतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. हीच उचल. एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, अनेक ठिकाणी ती आता लाखाच्या घरात गेली आहे. या पैशासाठी ना सात-बारा लागतो, ना जामीनदार, ना बँकेत हेलपाटे. तारण असते ते दोन माणसांच्या श्रमाचे. पुढे टनाच्या दराने ऊस तोडून ती उचल फेडायची. एखादा दिवस खाडा झाला तर दंड भरायचा आणि हंगामाअखेरीस उचल फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढवायची.

या व्यवहारातील शोषण उघड आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र मुकादमाच्या यशाचे रहस्य फारसे कुणी तपासत नाही. गरिबाला दोन गोष्टी हव्या असतात : अडचणीच्या महिन्यात पैसा आणि खरीप उरकल्यावर काम. मुकादम या दोन्ही गोष्टी एकाच हाताने देतो. शासनाकडेही दोन्ही आहेत, पण त्या दोन खात्यांत, दोन कार्यालयांत, दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर आहेत. कामाची हमी रोजगार हमीकडे आणि कर्ज बचत गटांच्या अभियानाकडे. एकाच घराच्या दारावर हे दोन हात क्वचितच एका वेळी पोहोचतात. मुकादमाला हटवायचे असेल तर आधी त्याच्याकडून एवढे शिकावे लागेल.

रोजगार हमीच्या बाबतीत महाराष्ट्राला कुणाचे अनुकरण करण्याची गरज नाही. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे हे या कल्पनेचे जनक. १९६०च्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला. १९७२च्या भीषण दुष्काळाने ती कल्पना साऱ्या राज्यापुढे आणली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडून हात सोलवटलेल्या आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या त्या पिढीतील काही वृद्ध आजही त्या आठवणी सांगतात. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गरिबाने काम मागावे आणि शासनाने ते द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा, असा हक्क देणारे हे देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, २००५ मध्ये आला.

या इतिहासातील एक धागा शहरी मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचतो, याची जाणीव त्या घरांना सहसा नसते. पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. हा कर १९७५च्या कायद्याने लावला गेला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच. जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशीही तरतूद झाली. ठाण्या-पुण्याच्या कारकुनाने आणि शिक्षकाने पाटोद्याच्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी आपल्या वेतनातील वाटा द्यावा, अशी ही रचना होती. देशात इतरत्र असे क्वचितच घडले. करदाता आपल्या पैशातून झालेला पूल पाहतो, मेट्रो पाहतो. या २,५०० रुपयांतून कोणता बंधारा झाला, हे विचारायला मात्र तो कधी गेला नाही. तो विचारता झाला असता तर या निधीतील शिल्लक वर्षानुवर्षे पडून राहते किंवा दुसरीकडे वळते, ही टीका इतकी वर्षे तशीच विरून गेली नसती.

कामे झाली नाहीत असे नाही. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, गावोगावी कच्चे रस्ते झाले. पण खडीचे ढीग आणि पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते हेही त्याच योजनेचे अपत्य होते. मजुराला मजुरी मिळाली की काम संपले, अशी कल्पना रूढ झाली. मस्टरवर हजेरी लागली, मोजमाप झाले, पैसे वाटले गेले. त्या बांधात पाणी अडले की नाही, अडलेले पाणी कुणाच्या शेतात गेले, हे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. बांध घालणारा भूमिहीन आणि पाणी मिळालेला बागायतदार, असेही पुष्कळ ठिकाणी घडले. गरिबाच्या श्रमातून निर्माण झालेली संपत्ती गरिबाच्या मालकीची नसेल तर ती योजना दारिद्र्य हटवत नाही, फक्त दरवर्षी त्याला जगवते.

यास एक ठळक अपवाद आहे. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याने आपल्याच कोरडवाहू, हलक्या जमिनीत खड्डे खणायचे, कलमे लावायची आणि त्या कामाची मजुरी शासनाने द्यायची. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब, जालन्याकडे मोसंबी, डोंगराळ माळरानावर सीताफळ अशा बागा त्यातून उभ्या राहिल्या. नंतरच्या वर्षांत राज्यातील फळबागांखालील क्षेत्र लाखो हेक्टरांनी वाढले. त्यामागचे कारण साधे होते. खड्डा खणणारा आणि झाडाचा मालक एकच होता. मजुरी एका वर्षाची आणि झाड पंचवीस वर्षांचे. तरीही ज्याच्याकडे उन्हाळ्यात कलमे जगवण्यासाठी टँकर आणायला चार पैसे होते त्याचीच बाग टिकली. ज्याच्याकडे ते नव्हते त्याची रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. खड्डा सरकारने दिला होता, पण हंडाभर पाण्याचे भांडवल कुणी दिले नव्हते.

काम आणि भांडवल यांची ही फारकत कशी मिटवता येते, याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावने फार पूर्वी दिले आहे. १९७२च्या दुष्काळात माणसे रस्त्यावर खडी फोडताना पाहून अस्वस्थ झालेले पुण्यातील अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावच्या देवस्थानाची सुमारे ४० एकर ओसाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पाणी मुरवले, विहीर घेतली. माळावर पिके उभी राहिली तेव्हा गावकऱ्यांचा विश्वास बसला आणि त्यातून पाणी पंचायतीची चळवळ जन्मली. तिचे नियम आजही अभ्यासण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर वाटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही.

पाणीवाटपाचे हे नियम पुष्कळदा उद्धृत होतात. पैशाची मांडणी मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि खरी शहाणीव तिथेच आहे. उपसा सिंचन योजनेच्या खर्चाचा निम्मा भाग शासकीय अनुदानातून, ३० टक्के संस्थेकडून बिनव्याजी कर्जाऊ आणि उरलेले २० टक्के शेतकऱ्यांच्या पदरचे. फुकट काहीच नव्हते. आवाक्याबाहेरचेही काही नव्हते. २० टक्के पदरचे घातले म्हणून शेतकरी पंपाची निगा राखत होता आणि ३० टक्के बिनव्याजी होते म्हणून त्याला सावकाराच्या ओट्यावर जावे लागत नव्हते. साळुंखे २००२ मध्ये गेले. शासनाने त्यांची वाहवा केली, पण ही मांडणी मात्र उचलली नाही.

नायगावापासून फारशा दूर नसलेल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. सावकाराला कोर्टात शेतकऱ्याची जमीन सहजी बळकावता येऊ नये, ही त्याची दिशा होती. पण खत जाळले किंवा कोर्टाचे दार बंद केले म्हणून ज्येष्ठातील गरज जळत नाही. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो या जाणिवेतून. महाराष्ट्रात सहकाराने मोठी मजल मारली, पण पतपुरवठा सात-बाराच्या मागे धावत राहिला. ज्याच्या नावे दीड एकर माळ आहे, ज्याच्या बायकोच्या नावे काहीच नाही आणि जो कार्तिकात गावातच नसतो, तो सोसायटीच्या वहीत बसला नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वैभवाचा डोलारा ज्यांच्या कोयत्यावर उभा राहिला त्यांना सहकारी कर्ज मिळाले नाही, ही या राज्याच्या सहकाराची बोचरी विसंगती आहे.

ती पोकळी भरण्याचा प्रामाणिक प्रयत्न बचत गटांनी केला. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला आणि पुढे तो देशव्यापी झाला. गरीब बाई बचत करते, हिशेब ठेवते आणि कर्ज बुडवत नाही, हे बँकांना तेव्हा पटवून द्यावे लागत होते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण महिलांची सहकारी बँक उभी राहिली. संस्थापक महिला निरक्षर आहेत म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या महिला लिहायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. व्याजाचा हिशेब तर त्यांनी अधिकाऱ्यांसमोर तोंडी करून दाखवला. ज्या बाईने आयुष्यभर सावकाराचे व्याज भरले आहे तिला व्याजाचे गणित कुणी शिकवावे लागत नाही.

तथापि बचत गट म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध, ही समजूतही तितकीच घातक आहे. शेजारच्या आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये त्याची किंमत मोजली. नफ्यासाठी चालणाऱ्या सूक्ष्म वित्त कंपन्यांनी एकाच घराला तीन-चार ठिकाणांहून कर्जे दिली, आठवड्याच्या हप्त्यासाठी तगादे लावले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढून लगाम घालावा लागला. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये केला. नियम चांगला आहे, पण उत्पन्नच नसलेल्या घराचे निम्मे किती, हा प्रश्न उरतोच. कर्ज हे उत्पन्नाचे साधन घेण्यासाठी असते. गावात पाणी नसेल, रस्ता नसेल, दूध संकलनाचे केंद्र नसेल तर कर्जाने घेतलेली म्हैस चाऱ्याअभावी विकली जाते आणि हप्ता मागे राहतो. आपल्याकडे तर कोणत्याही गटाला पापड-लोणची सुचवायची आणि वर्षातून एकदा जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल लावायचा, एवढ्यावर उद्योजकता विकासाची इतिश्री होते. गावातील पंधरा गटांनी पंधरा प्रकारचे लोणचे घातले तर ते खायचे कुणी?

तेव्हा पाणी अडवणारे काम आणि त्या पाण्यावर उभे राहण्यासाठी लागणारे छोटे भांडवल या जुळ्या गोष्टी आहेत. सिंचन विहिरीचे उदाहरण घ्यावे. रोजगार हमीतून अल्पभूधारकाला विहीर मंजूर होते. खोदाईची मजुरी निघते, परंतु बांधकाम साहित्याची बिले रेंगाळतात आणि अर्धवट विहीर पावसात ढासळू नये म्हणून शेतकरी तिसऱ्याच ठिकाणाहून व्याजाने पैसे आणतो. विहीर पूर्ण झाली तर पंप हवा. २०२४ मध्ये राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. ही सवलत मोठीच आहे. परंतु उचलीवर जगणाऱ्या घरात तेवढीही रक्कम एकरकमी नसते. तेवढ्यासाठी विहिरीचे पाणी विहिरीतच राहते आणि मालक फडावर जातो. हे काही हजार रुपये गटाच्या कर्जातून वेळेवर मिळाले तर शासनाने विहिरीवर केलेला लाखोंचा खर्च सार्थकी लागेल.

नव्या कायद्याच्या निमित्ताने ही जोडणी करण्याची संधी आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियानाचा कायदा संमत केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे, जलसुरक्षा, ग्रामीण मूलभूत सोयी आणि उपजीविकेची साधने यांवर भर आहे आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला मजूर मिळावेत म्हणून वर्षात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे. दिशा योग्य आहे. पण आकड्यांकडे डोळेझाक करून चालणार नाही. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने १२५ दिवसांचे ३९,००० रुपये होतात, तेही साऱ्या कुटुंबाचे मिळून. जुन्या कायद्यात १०० दिवसांचे वचन असताना देशातील प्रत्यक्ष सरासरी ५० दिवसांच्या आसपास रेंगाळत राहिली होती. मजुरी १५ दिवसांत मिळावी हा नियम आणि वस्तुस्थिती यांतील अंतर तर मजुरांना तोंडपाठ आहे. शिवाय खर्चाचा ४० टक्के भार आता राज्यांवर आहे. महाराष्ट्राने तो कुरकुरत उचलण्याचे कारण नाही. ज्या राज्याने पगारदारांच्या कमाईतून यासाठी स्वतंत्र कर उभारला, त्याने तो कर त्याच कामावर खर्च होतो की नाही एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल.

३९,००० रुपये हातात पडायला वर्ष लागते आणि मुकादम त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम एका दुपारी मोजून देतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर कर्ज आषाढात आणि काम कार्तिकात, हा क्रम शासनाला पाळावा लागेल. गावातील बचत गटांच्या संघाने ज्येष्ठापूर्वीच ठरवावे की, यंदा कोणती कुटुंबे उचल न घेता थांबायला तयार आहेत. त्यांना गटामार्फत बँकेचे कर्ज पेरणीआधी मिळावे आणि त्याच कुटुंबांच्या नावे दिवाळीनंतरची कामे आधीच मंजूर असावीत. शेततळे, विहीर, फळबाग, गोठा यांपैकी जे त्यांच्या स्वतःच्या रानात होऊ शकते ते अगोदर घ्यावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : कर्जाचा हप्ता मजुरीतून परस्पर कापून घेऊ नये. तसे केले तर गट हाच नवा मुकादम होईल. मजुरी बाईच्या खात्यात पूर्ण यावी आणि हप्ता तिने आपल्या हाताने गटाच्या बैठकीत भरावा.

सगळे गाव एका वर्षात थांबणार नाही. पहिल्या वर्षी दहा कोयते थांबले तरी पुरे. हिवरे बाजारसारखे गावही एका हंगामात बदलले नाही; पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, रोजगार हमीच्याच पैशातून डोंगरावर चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी आली, कूपनलिकांवर बंधने आली आणि मग हळूहळू बाहेर गेलेली कुटुंबे परतली. सेवाभावी संस्थांच्या आणि कार्यकर्त्यांच्या हाताशी यात करण्यासारखे बरेच आहे. कामाची मागणी लेखी करून दिनांकित पोचपावती घेणे, ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट घ्यावी. त्या तारखेपासून १५ दिवस मोजले जातात, पावती नसेल तर बेकारभत्त्याचा हक्कच उभा राहत नाही आणि बहुतेक गावांत ती पावती कुणी मागतच नाही.

दुसरी गोष्ट ग्रामसभेच्या वेळेची. पुढच्या वर्षाच्या कामांच्या आराखड्याचा विचार १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत करण्याचा प्रघात आहे. तोवर उचल घरात येऊन खर्चही झालेली असते आणि ट्रकची तारीख ठरलेली असते. त्यानंतरची ग्रामसभा २६ जानेवारीला भरते. ज्यांच्यासाठी ही कामे काढायची ती माणसे त्या सकाळी दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या फडात ऊस तोडत असतात. त्यांच्या पश्चात, त्यांच्या नावाने, त्यांच्याच गावात कोणता रस्ता करायचा हे ठरते. उचल हाती येण्याआधी ती सारी गावात असतात अशी ग्रामसभा वर्षात एकच, १ मेची. बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायतींनी कामांचा आराखडा त्या दिवशी मांडायला शासनाचा कोणताही निर्णय आड येत नाही.